‘नेब्रास्का’: ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या एका कॅसेटपुढे स्टुडिओ आणि बँड कमी का पडले

३० सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने ब्रूस स्प्रिंगस्टीन या रॉक गायकाचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम प्रकाशित केला. १९८० साली आलेला त्याचा ‘द रिव्हर’ हा दोन तबकड्यांचा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता, आणि त्यानंतर सप्टेंबर १९८१ पर्यंत चाललेला दौरा त्याच्या ई स्ट्रीट बँडच्या तास न् तास रंगणाऱ्या दणदणीत कार्यक्रमांमुळे गाजला होता. पुढचा अल्बम याहून मोठा आणि जोरकस असणार, असे कोणीही गृहीत धरले असते. प्रत्यक्षात लोकांच्या हाती पडली ती दहा गाण्यांची, सुमारे ४१ मिनिटांची एक तबकडी. तिच्यात ड्रम नव्हते, सॅक्सोफोन नव्हता, पियानोही नव्हता. एक माणूस, त्याची गिटार, माउथऑर्गन, अधूनमधून एखादे किरकोळ वाद्य आणि आवाजामागे जाणवणारी फितीची बारीक खरखर, एवढाच तिचा ऐवज होता.

ही गाणी अल्बम म्हणून ध्वनिमुद्रित झालीच नव्हती. ते डेमो होते. गाणे तयार झाले की गीतकार-गायक ते हाताशी असलेल्या साधनांवर जमेल तसे गाऊन ठेवतो. वादकांनी ते ऐकावे, चाल आणि लय समजून घ्यावी आणि मग सगळ्यांनी मिळून ते स्टुडिओत नीट उभे करावे, एवढाच डेमोचा उपयोग असतो. एकदा पक्के ध्वनिमुद्रण झाले की डेमोची कॅसेट खणात जाऊन पडते. इथे स्टुडिओही मिळाला, उत्तम वादकांनी मन लावून वाजवलेही, आणि तरी शेवटी खणातली कॅसेटच बाहेर काढावी लागली. हे असे का झाले, याचे उत्तर ‘घरगुती ध्वनिमुद्रणात एक वेगळाच गोडवा असतो’ असे सांगून मोकळे होता येईल इतके सोपे नाही.

रॉक बँडचा मुख्य गायक एकट्याच्या नावाने अल्बम काढतो, तेव्हा त्यामागे बहुधा बँडमधली धुसफूस असते, नाहीतर स्वतःचे नाव स्वतंत्रपणे मोठे करण्याची इच्छा असते. स्प्रिंगस्टीनच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. अल्बम पूर्वीपासून त्याच्याच नावावर निघत होते, गाणी तोच लिहीत होता आणि बँड त्याच्या पाठीशी भक्कम उभा होता. अडचण पैशाची आणि वेळेची होती. तो स्टुडिओत गाणी घेऊन जाई, तिथे वाजवून पाहताना निम्मी टाकून देई, नवी लिही, पुन्हा वाजवून पाही. ‘द रिव्हर’ला अशा रीतीने वर्षाहून अधिक काळ लागला होता, आणि न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओचे भाडे तासावर चालते. म्हणून त्याने ठरवले की गाणे चांगले आहे की नाही, हे आधी घरीच तपासून घ्यावे आणि मगच बँडला बोलवावे. न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक या गावी त्याने एक घर भाड्याने घेतले होते. त्याच्या गिटारींची देखभाल करणाऱ्या माइक बॅटलन याला त्याने एक साधेसे ध्वनिमुद्रण यंत्र आणायला सांगितले. बॅटलनने आणले ते टीॲक कंपनीचे ‘पोर्टास्टुडिओ १४४’.

या यंत्राची करामत समजण्यासाठी साध्या कॅसेटची रचना आठवावी लागेल. कॅसेटमधली फीत पावणेचार मिलिमीटरहून किंचितच रुंद असते आणि तिच्यावर चार समांतर पट्टे असतात: दोन पट्टे ‘ए’ बाजूचे डावा-उजवा आवाज साठवतात, आणि कॅसेट उलटून घातली की उरलेले दोन ‘बी’ बाजूसाठी कामी येतात. १९७९ साली बाजारात आलेल्या पोर्टास्टुडिओने ही बाजू उलटण्याची सोय काढून टाकली आणि चारही पट्टे एकाच दिशेने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे वापरायला दिले. पहिल्या पट्ट्यावर गाणे ध्वनिमुद्रित करावे, ते ऐकत ऐकत दुसऱ्यावर आणखी एक वाद्य चढवावे, मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर, असे एकट्या माणसाला घरबसल्या करता येऊ लागले. आवाज जरा बरा यावा म्हणून फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर या गतीने पळवली जाई. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटांचा ऐवज मावत असे.

स्टुडिओतली फीत त्या काळी दोन इंच रुंद असे, तिच्यावर चोवीस पट्टे असत आणि ती या यंत्राच्या चौपट ते आठपट वेगाने धावत असे. एकाच वावराची चार भावांत वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक चिंचोळी पट्टी येते आणि बांधावरून कुरबुरी सुरू होतात. कॅसेटच्या फितीवरही तेच घडते. पट्टा जितका अरुंद आणि फीत जितकी संथ, तितका मूळ आवाज क्षीण आणि फितीची स्वतःची खरखर त्या मानाने मोठी. शिवाय शेजारच्या पट्ट्यावरचा आवाज थोडाफार अलीकडे झिरपतोच. तारस्वरांची चकाकी हरवते, मंद्रस्वरांचा भरीवपणाही पूर्ण येत नाही. व्यावसायिक ध्वनिमुद्रक या यंत्राकडे गाण्याची टिपणवही म्हणूनच पाहत असत आणि त्यांचे ते पाहणे रास्त होते.

डिसेंबर १९८१ चा उत्तरार्ध आणि जानेवारी १९८२ चे पहिले काही दिवस, एवढ्या अवधीत यांतली बहुतेक गाणी झोपण्याच्या खोलीत ध्वनिमुद्रित झाली. शूर कंपनीचे ‘एसएम ५७’ हे दोन साधे, दणकट मायक्रोफोन लावले होते. एक आवाजासाठी, दुसरा गिटारसाठी. गाणे आणि गिटार एकाच वेळी, एका दमात होत असे आणि त्यात दोन पट्टे संपत. उरलेल्या दोन पट्ट्यांवर काय चढवायचे ते चढवावे: कुठे दुसरा आवाज, कुठे आणखी एक गिटार, मँडोलिन, खंजिरी किंवा माउथऑर्गन. त्यापुढे जागाच नव्हती. मला या मर्यादेचे महत्त्व फार वाटते, कारण गायन आणि वादन एकाच वेळी झाले की नंतर एकाला हात न लावता दुसरे सुधारणे जवळजवळ अशक्य असते. गिटारच्या मायक्रोफोनमध्ये आवाज शिरलेला असतो आणि आवाजाच्या मायक्रोफोनमध्ये गिटार. ओळ चुकली तर सगळेच पुन्हा गावे लागते. म्हणून या अल्बममध्ये जे ऐकू येते ते जोडकाम नाही. एका माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलेली ती एकेक हकिगत आहे.

यानंतरचा टप्पा मिश्रणाचा. चार पट्ट्यांवरचा आवाज एकत्र करून डावा-उजवा असा दोन पट्ट्यांवर आणायचा असतो. हे काम स्प्रिंगस्टीनने ‘एकोप्लेक्स’ नावाच्या प्रतिध्वनी-यंत्रातून आवाज फिरवून पॅनासॉनिकच्या एका टू-इन-वनवर केले. हा टू-इन-वन एकदा पाण्यात भिजून निघालेला होता, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. एकोप्लेक्सही फितीवरच चालते: आलेला आवाज ते फितीच्या एका वेटोळ्यावर टिपते आणि क्षणभराने पुन्हा ऐकवते. त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या पाठोपाठ त्याच शब्दाची सावली पडल्यासारखी वाटते. १९५० च्या दशकातल्या रॉक-अँड-रोलच्या तबकड्यांवर असा प्रतिध्वनी सर्रास ऐकू येई, पण तिथे तो उसळी देण्यासाठी असे. इथे गाणे संथ, आवाज खालच्या पट्टीतला आणि सोबतीला दुसरे फारसे काही नाही; त्यामुळे तोच प्रतिध्वनी मोठ्या रिकाम्या जागेची जाणीव करून देतो. ‘स्टेट ट्रूपर’ या गाण्यात हे सर्वांत स्पष्टपणे ऐकू येते. रात्रीच्या हमरस्त्यावरून गाडी हाकणारा, परवाना आणि गाडीची कागदपत्रे जवळ नसलेला एक माणूस, पोलिसाने आपल्याला अडवू नये म्हणून मनोमन विनवण्या करतो आहे. गिटारच्या तारा तळव्याने दाबून काढलेला एकच ठेका संपूर्ण गाण्यात बदलत नाही. शेवटाकडे तो अचानक किंचाळतो आणि त्या किंचाळीमागे प्रतिध्वनी धावत जातो. या गाण्यावर ‘सुइसाइड’ या न्यूयॉर्कच्या दोघांच्या बँडचा प्रभाव असल्याचे त्याने मान्य केलेले आहे.

तयार झालेली कॅसेट त्याने आपला व्यवस्थापक आणि निर्माता जॉन लँडाऊ याच्याकडे पाठवली. सोबत गाण्यांविषयी हाताने लिहिलेली टिपणे होती. त्या कॅसेटवर पुढे ‘नेब्रास्का’त न आलेली काही गाणीही होती, आणि त्यांतले एक होते ‘बॉर्न इन द यूएसए’. त्याच्याकडे पुढे यावे लागेल.

आता गाण्यांकडे वळू. शीर्षकगीत चार्ल्स स्टार्कवेदर या खुन्याच्या तोंडी आहे. जानेवारी १९५८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने चौदा वर्षांच्या कॅरिल ॲन फ्यूगेटला बरोबर घेऊन नेब्रास्का आणि वायोमिंग या राज्यांत दहा जणांचे बळी घेतले; त्याआधी आणखी एक खून त्याच्या नावावर होता. जून १९५९ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत देहदंड देण्यात आला. स्प्रिंगस्टीनला हा विषय टेरेन्स मॅलिक याच्या ‘बॅडलँड्स’ या १९७३ च्या चित्रपटातून सापडला. गाण्याचा पहिला प्रसंग, अंगणात छडी फिरवत उभी असलेली मुलगी, त्या चित्रपटातूनच आला आहे. मात्र गाण्याची ताकद प्रसंगात नाही, सुरात आहे. खुनी कोणताही पश्चात्ताप किंवा फुशारकी न दाखवता, जणू हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगत जातो, आणि तू हे का केलेस असे विचारल्यावर, जगात एक दुष्टावा आहे, साहेब, एवढेच म्हणून थांबतो. चाल इतकी गोड आणि संथ आहे की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच कानांविषयी संकोच वाटावा.

इथे ‘सिंगर-साँगरायटर’ या प्रकाराविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत या नावाने जी परंपरा रुळली, तिच्यात गाणाऱ्याचा ‘मी’ म्हणजे बहुतांशी गाणाराच, अशी ऐकणाऱ्याची समजूत असे: त्याचे प्रेमभंग, त्याचे एकटेपण, त्याची कबुली. ‘नेब्रास्का’ने या प्रकाराचा बाज घेतला आणि ‘मी’ दुसऱ्यांना देऊन टाकला. खुनी, सरहद्दीजवळचा पोलीस, अटलांटिक सिटीत गुन्हेगारांच्या हाताखाली कामाला निघालेला कर्जबाजारी, रात्रपाळीनंतर प्रेयसीकडे गाडी दामटणारा कामगार, असे अनेक जण एकाच आवाजात बोलतात. त्यांतले बरेच जण समोरच्याला ‘सर’ किंवा ‘मिस्टर’ म्हणतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. समोर कोण आहे, हे गाण्यात कळत नाही. न्यायाधीश असेल, पोलीस असेल, मालक असेल किंवा आपण ऐकणारे असू. बोलणारा मात्र कायम खालच्या पायरीवर उभा राहून, वर पाहून, जबाब दिल्यासारखा बोलत राहतो.

ही माणसे परिस्थितीने कशी घडली, हे अल्बम मोजक्या शब्दांत सांगतो. ‘जॉनी ९९’ मधल्या राल्फची नोकरी न्यू जर्सीतील मॉवॉ इथला मोटारींचा कारखाना बंद पडल्यामुळे जाते. फोर्डचा तो कारखाना खरोखरच होता आणि जून १९८० मध्ये तो खरोखरच बंद झाला. राल्फ दारूच्या नशेत एका रात्रपाळीच्या कारकुनाला गोळी घालतो, न्यायाधीश त्याला ९९ वर्षांची शिक्षा सुनावतो आणि तो म्हणतो की त्यापेक्षा मला फाशीच द्या. ‘अटलांटिक सिटी’ची सुरुवात फिलाडेल्फियातील एका टोळीप्रमुखाच्या घरावर झालेल्या बॉम्बस्फोटाने होते, मार्च १९८१ मध्ये फिल टेस्टा हा गुंड असाच मारला गेला होता आणि गाण्यात त्याचे ‘चिकन मॅन’ हे टोपणनाव जसेच्या तसे येते. १९७८ साली अटलांटिक सिटीत पहिल्या अधिकृत जुगारघराचा दरवाजा उघडला आणि पैशाच्या मागे टोळ्याही आल्या. अल्बम आला त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती तोवर इतकी कधीच वाढली नव्हती. मात्र स्प्रिंगस्टीन कुठेही आकडे किंवा घोषणा देत नाही. प्रामाणिक माणसाला फेडता येणार नाही असे कर्ज डोक्यावर आहे, हे वाक्य ‘अटलांटिक सिटी’तला तरुण बोलतो आणि ‘जॉनी ९९’ मधला राल्फही न्यायालयात जवळजवळ त्याच शब्दांत बोलतो. दोन वेगळ्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य ठेवून त्याने जे साधले आहे, ते शंभर पानांच्या अहवालालाही साधले नसते. तसेच ‘स्टेट ट्रूपर’ आणि ‘ओपन ऑल नाइट’ ही दोन गाणी एकाच प्रार्थनेने संपतात: या निर्मनुष्य जागेतून माझी सुटका कर. एकात ती भीतीने केलेली आहे, दुसऱ्यात उत्साहाने.

मला सर्वांत मोठे वाटते ते ‘हायवे पॅट्रोलमन’. जो रॉबर्ट्स हा पोलीस सार्जंट आपले नाव आणि हुद्दा सांगून बोलायला सुरुवात करतो. त्याचा भाऊ फ्रँकी १९६५ साली सैन्यात गेला. जो शेतीच्या कारणाने सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळवून घरी राहिला, त्याने मारियाशी लग्न केले. गव्हाचे भाव पडत गेले, १९६८ साली फ्रँकी परतला आणि जोने शेती सोडून ही नोकरी धरली. फ्रँकी सतत भानगडी करतो आणि जो सतत कानाडोळा करतो. एका रात्री रस्त्यालगतच्या दारूच्या गुत्त्यात एक मुलगा रक्तबंबाळ होऊन पडतो, आणि जो भावाच्या गाडीचा पाठलाग करतो. कॅनडाची सरहद्द पाच मैलांवर असल्याची पाटी दिसते. तिथे जो आपली गाडी कडेला घेतो आणि फ्रँकीच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतो. भावाला जाऊ दिले, असे तो एकदाही म्हणत नाही. त्याआधीच्या धृपदात, जो माणूस आपल्या कुटुंबाकडे पाठ फिरवतो तो मुळीच चांगला नव्हे, असे तो सांगत आलेला असतो, म्हणून शेवटी काही सांगण्याची गरज उरत नाही.

एप्रिल १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॉवर स्टेशन’ या स्टुडिओत बँड जमला आणि या गाण्यांवर काम सुरू झाले. ई स्ट्रीट बँडचे वादक कच्चे मुळीच नव्हते. रॉय बिटन याचा पियानो आणि मॅक्स वाइनबर्ग याचे ड्रम यांची त्या काळच्या रॉक संगीतात मोठी पत होती. तरीही गाणी उभी राहिनात. पुढे स्प्रिंगस्टीनने एकट्यानेच, पण चांगल्या स्टुडिओत, ती पुन्हा गाऊन पाहिली. तीही त्याला पटली नाहीत.

याचे कारण माझ्या मते असे. एकटा माणूस गिटारवर गाताना लय स्वतःच्या श्वासावर चालवतो. जो रॉबर्ट्सला पुढचे वाक्य बोलवत नसेल, तर गाणारा अर्धी मात्रा रेंगाळू शकतो आणि ऐकणाऱ्याला ते रेंगाळणे जाणवते. ड्रम आले की मात्रा कुठे पडणार हे पाच जणांनी आधी ठरवावे लागते, आणि मग सांगणारा अडखळू शकत नाही. दुसरे म्हणजे आवाजाचे अंतर. कॅसेटवर तो जवळजवळ पुटपुटतो. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्या वर ऐकू जायचे तर आवाज चढवावा लागतो, आणि चढलेल्या आवाजात केलेली कबुली भाषणासारखी वाटू लागते. पण खरी अडचण याहून खोल होती. चांगला बँड म्हणजे सोबत. पाच माणसे एका लयीत वाजवू लागली की ऐकणाऱ्याला नकळत धीर येतो, गाण्यातल्या माणसाच्या पाठीशी कोणीतरी आहे असे वाटते. ई स्ट्रीट बँडचे तर सामर्थ्यच ते होते. ‘नेब्रास्का’तल्या माणसांच्या पाठीशी कोणीही नाही, हाच त्या गाण्यांचा आशय आहे. बँडने कितीही संयमाने वाजवले तरी तो आशय पुसला जात होता. घरी ध्वनिमुद्रित केल्यामुळे गाणी साधी झाली, असे नेहमी म्हटले जाते. मला हे उलट वाटते. लिहितानाच ती एकट्याची झालेली होती आणि खोलीतल्या यंत्रापाशी दुसऱ्या कोणाला जागा नव्हती म्हणून ती तशीच टिकली.

कॅसेटच प्रकाशित करायची, असे ठरल्यावर वेगळीच पंचाईत उभी राहिली. कॅसेटवरचा आवाज तबकडीवर उतरेना. तबकडीच्या खाचेत सुई दोन प्रकारे हलते: डाव्या-उजव्या बाजूंत जे समान असते ते सुईला आडवे हलवते आणि जे भिन्न असते ते वर-खाली. दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांशी नीट जुळलेले नसतील, तर वर-खाली हालचाल वाढते, खाच कुठे फार उथळ तर कुठे फार खोल होते आणि सुई उडू शकते. कॅसेटच्या बाबतीत हा धोका विशेष असतो, कारण फीत वाचणारे हेड प्रत्येक यंत्रात किंचित वेगळ्या कोनात बसवलेले असते. एका यंत्रावर टिपलेली फीत दुसऱ्यावर वाजवली की दोन बाजूंत सूक्ष्म फरक पडतो आणि तारस्वर विरतात. त्यातच मूळ आवाजाची पातळी कमी असल्याने ती वाढवली की खरखरही तितकीच वाढते. ध्वनिअभियंता टोबी स्कॉट आणि चक प्लॉटकिन यांनी अनेक ठिकाणी प्रयत्न करून पाहिले, आणि हा अल्बम केवळ कॅसेट म्हणून विकावा की काय, असाही विचार झाला. अखेर डेनिस किंग या तंत्रज्ञाने पातळी खाली ठेवून तबकडी कापून दिली. आजही हा अल्बम इतर अल्बमांच्या शेजारी लावला की हळू आवाजात वाजतो, त्यामागे हा सगळा खटाटोप आहे.

मुखपृष्ठावर गाडीच्या काचेतून दिसणारा ओसाड हिवाळी रस्ता आहे. डेव्हिड मायकेल केनेडी या छायाचित्रकाराने तो १९७५ च्या सुमारास टिपला होता. स्प्रिंगस्टीनने या अल्बमसाठी दौरा काढला नाही. ‘अटलांटिक सिटी’ची कृष्णधवल चित्रफीत बनली, पण तीत तो स्वतः दिसत नाही. तरीही अल्बम अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी जॉनी कॅशने यांतली ‘जॉनी ९९’ आणि ‘हायवे पॅट्रोलमन’ ही दोन गाणी गायली, आणि १९९१ साली शॉन पेनने जो आणि फ्रँकीच्या कथेवर चित्रपट काढला. घरच्या घरी साध्या यंत्रावर अल्बम करणाऱ्या पुढच्या पिढ्यांतील अनेकांनी या अल्बमचे ऋण मानले आहे.

सगळे ‘मी’ परक्यांचे आहेत, असे वर म्हटले. ते पूर्ण खरे नाही. ‘मॅन्शन ऑन द हिल’, ‘यूज्ड कार्स’ आणि ‘माय फादर्स हाउस’ या तीन गाण्यांत एक लहान मुलगा आहे आणि तो स्प्रिंगस्टीनपासून फार दूरचा नाही. न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड या गावी त्याचे बालपण तंगीत गेले. वडिलांच्या नोकऱ्या बदलत राहिल्या आणि बापलेकांत मोकळे बोलणे जवळजवळ नव्हते. जुनी गाडी विकत घेताना विक्रेता वडिलांच्या हातांकडे पाहत राहतो आणि मुलगा तो अपमान मनात ठेवतो, अशी जागा कल्पनेने सुचत नाही. प्रौढ वयातही तो रात्री गाडी काढून लहानपणीच्या घरांवरून फेऱ्या मारत असे, हे त्याने पुढे सांगितले आहे. अल्बम पूर्ण झाल्यानंतर मित्राबरोबर गाडीने देश ओलांडून जाताना त्याला नैराश्याने गाठले आणि लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर त्याने मानसोपचार सुरू केले, हे त्याच्या २०१६ च्या आत्मचरित्रात आहे. म्हणून स्टार्कवेदरसारख्या माणसाच्या तोंडी शब्द घालताना त्याचा आवाज जो इतका निर्विकार होतो, तो अभिनय आहे असे मला वाटत नाही. माणसांपासून तुटल्यावर काय होते, हे तो त्या दिवसांत स्वतःच्या आत पाहत होता.

बँडसह केलेली १९८२ ची ध्वनिमुद्रणे अनेक वर्षे चाहत्यांच्या चर्चेतच राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ‘नेब्रास्का’च्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे प्रकाशित झाली. आता कोणालाही दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकता येतात. बँडची रूपे टाकाऊ नाहीत. ‘जॉनी ९९’ आणि ‘ओपन ऑल नाइट’ यांना तर त्यांत चांगली उसळी आली आहे. मात्र त्या उसळीत राल्फ न्यायालयात एकटा उभा आहे, हे विसरायला होते.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘बॉर्न इन द यूएसए’पासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन, जरी ते गाणे या अल्बममध्ये नसले तरी. त्याच जानेवारीच्या कॅसेटवर ते व्हिएतनामहून परतलेल्या, नोकरी नाकारल्या गेलेल्या सैनिकाची खचलेली तक्रार म्हणून आहे. १९९८ साली आलेल्या ‘ट्रॅक्स’ या संग्रहात ते रूप मिळते. याच गाण्याला १९८२ च्या त्याच सत्रांत बँड मानवला, आणि १९८४ साली ते ड्रम आणि सिंथेसायझरच्या गजरात प्रसिद्ध झाले. त्याच नावाच्या अल्बममधली सात गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. त्या गजरात असंख्य लोकांनी ते देशाभिमानाचे गीत समजून गायले आणि त्यातला सैनिक त्यांना ऐकूच आला नाही. शब्द फारसे बदललेले नाहीत. ही दोन रूपे लागोपाठ ऐकावीत आणि मगच ‘नेब्रास्का’ लावावा, शक्यतो रात्री आणि हेडफोनवर, कारण त्याची खालची पातळी दिवसाच्या गोंगाटात टिकत नाही.